जुना लॅपटॉप नव्या वायफायला का जोडला जात नाही? पासवर्ड न काढता काय करता येईल?

घरात फायबरचं कनेक्शन आलं की राउटरही नवा येतो. फोन आणि टीव्ही पासवर्ड टाकताच जोडले जातात. पण दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अडून बसतो. कधी नेटवर्क यादीत दिसतच नाही, तर कधी पासवर्ड बरोबर असूनही कनेक्ट होत नाही.

अशा वेळी 'राउटरचा पासवर्डच काढून टाका' असा सल्ला मिळतो. त्याने लॅपटॉप चालतो, पण सगळ्या घराचं नेटवर्क उघडं पडतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

नेमकं अडतं कुठे?

राउटर आणि लॅपटॉप यांच्यातली माहिती सांकेतिक रूपात जाते. त्यासाठीची पद्धत दोघांनाही माहीत असावी लागते. १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ पर्यंत कमकुवत ठरली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली.

२००६ पासून वायफाय प्रमाणपत्र मिळवणाऱ्या उपकरणांना डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपना ते चालतं. डब्ल्यूपीए३ मात्र विंडोज ७ मध्ये नाही. विंडोज १० मध्ये ते मे २०१९ च्या आवृत्तीपासून आलं आणि त्यासाठी वायफाय कार्ड व ड्रायव्हरचीही साथ लागते. राउटर 'फक्त डब्ल्यूपीए३' वर असेल तर जुना लॅपटॉप बाहेरच राहतो.

नेटवर्क यादीत दिसत नसेल तर?

आधी लॅपटॉपवरचं वायफायचं बटण सुरू आहे का ते पाहा. अनेक जुन्या मॉडेलमध्ये ते कडेला किंवा कीबोर्डवर असतं.

मग बँड तपासा. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात. अनेक जुन्या कार्डांना फक्त २.४ कळतो. राउटरमध्ये तो बंद असेल तर सुरू करा. दोन्हींचं नाव एकच असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या.

लॅपटॉप अमेरिकेतून आणलेला असेल तर आणखी एक शक्यता असते. तिथल्या काही कार्डांना २.४ गिगाहर्ट्झवरचे १ ते ११ एवढेच चॅनल दिसतात. भारतात १२ आणि १३ हेही वापरता येतात. राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ ठेवला की हा प्रश्न सुटतो.

इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरमुळे वायफाय ६ राउटरचं नेटवर्क दिसत नाही. फोनचं इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला देऊन ड्रायव्हर अपडेट करता येतो.

नेटवर्क दिसतं, पण जोडलं जात नाही?

लॅपटॉपमधलं जुनं सेव्ह केलेलं नेटवर्क काढून टाका आणि पासवर्ड पुन्हा टाका. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं नीट पाहा.

त्यानंतर फोनवरून राउटरच्या सेटिंगमध्ये जा. पत्ता आणि लॉगिन बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असतं. वायरलेस सिक्युरिटीत 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' हा मिश्र पर्याय निवडा. तरीही जमलं नाही तर २.४ बँडवर 'डब्ल्यूपीए२-एईएस' ठेवा आणि ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ राहू द्या. 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' निवडू नका.

जोडलं जातं, पण वेबसाइट उघडत नाहीत?

लॅपटॉपची तारीख पाहा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की घड्याळ अनेक वर्षं मागे जातं. मग ब्राउझर वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मानत नाही आणि दोष वायफायला दिला जातो.

काहीच चाललं नाही तर?

लॅन केबल थेट राउटरला जोडा. ते सोयीचं नसेल तर डब्ल्यूपीए२ चालणारा छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घेता येतो. घेण्याआधी तो तुमच्या विंडोजवर चालतो का, हे विचारून घ्या.

पासवर्ड काढला तर काय बिघडतं?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या कनेक्शनवरून गेल्याचं तपासात दिसलं. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाची चौकशी झाली. त्याच्या वायफायचा वापर दुसऱ्याच लोकांनी केल्याचं नंतर समोर आलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पोलीस आधी येतात.

जोडला गेला म्हणजे सुरक्षित झाला का?

नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अपडेट न मिळणाऱ्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर असा लॅपटॉप त्यावर ठेवा आणि त्यालाही पासवर्ड द्या. म्हणजे त्यात व्हायरस शिरला तरी घरातल्या इतर उपकरणांपर्यंत तो पोहोचणं अवघड होतं.