बांबू : गवत की झाड?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामाकडे आणतो व आदाम त्यांना नावे देतो. नाव देणे हा मानवाला लाभलेला अधिकार आहे. तो कसा वापरला गेला, याची एक कथा अहेरीच्या अरण्यात वाचावयास मिळते.

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील अहेरी ही मोठी जमीनदारी. येथील माडिया व गोंड बांधवांच्या लेखी बांबू म्हणजे घराची भिंत, सूप, टोपली आणि पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची भाजी. इंग्रजी राजवटीने मात्र अरण्यावर आपली परिभाषा लादली. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे 'राखीव', 'संरक्षित' असे वर्ग पाडले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ताड, बांबू, खुंट, झुडपे व वेत यांना 'झाड' या एकाच शब्दात कोंबले. वस्तुतः बांबू हा भात-गव्हाच्या कुळातील, म्हणजे गवतच! १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या. तो शब्द मात्र राहिला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू 'कच्चा माल' ठरे. ग्रामस्थाने विनापरवाना विकावयास नेलेला तोच बांबू गुन्हा ठरे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस 'गौण वनोपज' म्हटले आणि वनवासीयांवर झालेल्या 'ऐतिहासिक अन्याया'ची कबुली आपल्या प्रास्ताविकात दिली. याच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. पुढे २०१७ मध्ये 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. एक शब्द मागे घेण्यास नव्वद वर्षे लागली!

आणि 'गौण' हा शब्द तरी न्याय्य आहे काय? मोहफूल, तेंदूपान, बांबू यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्यासाठी ते गौण कसे? तो शब्द तिजोरीच्या बाजूने उच्चारला गेला आहे, चुलीच्या बाजूने नव्हे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सृष्टीला 'आपले सामाईक घर' म्हटले. आपणही वनाला केवळ 'साधनसंपत्ती' म्हणताना क्षणभर थांबावे. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा न्यायालयापुरती नाही. शेजाऱ्याच्या घराला चुकीचे नाव देणे, हीही खोटी साक्षच होय.