दुसरा घाव

मी हैदराबादच्या हिमायतनगरात राहतो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगराशी वाचकांनी गल्लत करू नये, म्हणून हा खुलासा. पायी जाऊन यावे अशा अंतरात आमच्याकडून तीन जागा आहेत: काचीगुड्याकडची लिंगमपल्ली, कोठीचे गोकुळ चाट आणि हुसेनसागराकाठचे लुंबिनी उद्यान. पहिल्या जागी १९४८ साली आणि उरलेल्या दोन्ही जागी २००७ साली निरपराध रक्त सांडले. दहशतीचा पहिला घाव कोणी घातला, याची चर्चा पुष्कळ होते. मला विचार पडतो तो त्यानंतरच्या दुसऱ्या घावाचा. कारण तो सरकार आणि आपण नागरिक घालतो.

रझाकारांचे दिवस सीमाभागातल्या घरांना नव्याने सांगायला नकोत. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी त्यांचा म्होरक्या होता, आणि निजामाच्या सरकारने त्याला आवर घातला नाही. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेली कत्तल त्या मुलखात आजही विसरली गेलेली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना लिंगमपल्लीत ठार करण्यात आले. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी निर्भीडपणे लिहिले होते. रझाकारांच्या दहशतीला बळी पडलेला हा माणूस मुसलमान होता, एवढे पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला, हे सत्य आहे आणि त्याचा आनंदही सार्थ आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांत सूड घेतला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला चौकशीसाठी पाठवले. समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वांत अधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे लिहिली. ही आपलीच गावे. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यांतल्या कितीकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. खुद्द रझवीवर मात्र रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, आणि १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला. म्होरक्याला न्यायालय मिळाले. गावातल्या गरिबाला ते मिळाले नाही.

सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. त्यामुळे त्यातली चांगली नोंदही झाकली गेली. हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याचे, आणि काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिल्याचे समितीने लिहून ठेवले आहे.

आता २००७ साल पाहू. १८ मे रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मक्का मशिदीत स्फोट झाला. त्यात नऊजण गेले. नंतर उसळलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आणखी पाच. तपासात जुन्या शहरातले अनेक मुसलमान तरुण उचलले गेले. ज्यांच्यावर खटले भरले, ते पुढे निर्दोष सुटले. राज्य सरकारने २०१२ मध्ये सुमारे ७० जणांना भरपाई देऊ केली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुढे दुसऱ्याच आरोपींवर खटला चालला आणि एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागलेले पाचही जण पुराव्याअभावी सुटले. मक्का मशिदीत मेलेल्यांच्या घरच्यांना 'हे कोणी केले' याचे उत्तर न्यायालयातून मिळालेले नाही.

त्याच वर्षी २५ ऑगस्टच्या शनिवारी संध्याकाळी लुंबिनी उद्यान आणि गोकुळ चाट इथे स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत संगमनेरहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते. कोठीचा हा परिसर हैदराबादच्या मराठी माणसाचा जुना ठाव. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा तिथून जवळच आहे. तरीही त्या रात्री, आणि त्यानंतरही, शहरात दंगल उसळली नाही. माझ्या दृष्टीने त्या वर्षीची ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. १९४८ साली खेड्यांत जे साधले नाही, ते नागरिकांनी इथे साधले.

सरकारनेही पुष्कळ केले. 'ऑक्टोपस' नावाचे दहशतवादविरोधी दल त्याच वर्षी उभे राहिले. २०१३ च्या फेब्रुवारीत दिलसुखनगरला पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर मोठ्या वर्दळीच्या दुकानांना कॅमेरे बसवणे कायद्याने सक्तीचे झाले. कॅमेरे हवेतच. पण खरी कसोटी तपासाची. गोकुळ चाटच्या खटल्यात २०१८ साली दोघांना फाशी आणि एकाला जन्मठेप झाली. अकरा वर्षे लागली. दिलसुखनगरच्या पाचजणांची फाशी उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कायम केली. बारा वर्षे लागली. लोक म्हणतात, फार उशीर झाला. झालाच. पण घाईने भलताच माणूस धरला, तर निरपराधाचे आयुष्य जाते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो, हे मक्का मशिदीच्या प्रकरणाने दाखवले आहे.

आपल्या सीमाभागात पुष्कळ घरांत दोन आठवणी आहेत. रझाकारांच्या भीतीने रातोरात गाव कसे सोडले, ही एक. ती आपण मुलांना सांगतो. परत आल्यावर गावात कोणाची घरे रिकामी दिसली, ही दुसरी. ती मोठी माणसे हळू आवाजात बोलत. मुलांना दोन्ही सांगाव्यात, आणि जमल्यास त्या विणकरांचीही गोष्ट सांगावी.