एकाच पॉलिपमागचे दोन इतिहास

छत्रपती संभाजीनगरात शौचावाटे रक्त पडले की पहिला संशय मूळव्याधीवर जातो. मग मलम, चूर्ण, पथ्य यांत महिने निघून जातात आणि दुर्बिणीची तपासणी मागे पडते. या शहरात कर्करोगाची नोंदणी १९७८ पासून होते. त्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग तोंडाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या मागे आहे. सरकारच्या तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडे नाही. त्यामुळे इथे जो पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ, हाती लागतो, तो पूर्ण वाचला जाणे फार महत्त्वाचे आहे. ‘पॉलिप काढला, कर्करोग नाही’ एवढ्यावर समाधान मानणे मला अपुरे वाटते.

मोठ्या आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. इतक्या विभाजनांत डीएनएमध्ये चुका होणारच. पहिला इतिहास नेहमीच्या अॅडेनोमाचा, म्हणजे ग्रंथींतून वाढणाऱ्या सौम्य पॉलिपाचा. त्यात पहिली चूक बहुधा एपीसी या जनुकात सापडते. त्याचे प्रथिन बीटा-कॅटेनिनचा साठा वेळोवेळी मोडून काढते. एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरते आणि पेशीला विभाजन चालू ठेवायला लावते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसते: ग्रंथींच्या वरच्या भागात, जिथे पेशींनी परिपक्व होऊन गळून जायचे, तिथेच लांबट, गडद केंद्रके एकमेकांवर चढलेली असतात. पुढे केरास हे जनुक बदलते, अठराव्या गुणसूत्राचा तुकडा गळतो आणि बहुधा शेवटी टीपी५३ हे जनुक निकामी होते. फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी ही मांडणी १९९० मध्ये केली. तिचा गाभा बदलांच्या क्रमापेक्षा ते साचण्यात आहे. याला साधारणपणे दहा वर्षे किंवा अधिक लागतात आणि बहुतेक अॅडेनोमा कर्करोगापर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसऱ्या इतिहासात डीएनएची अक्षरे शाबूत राहूनही जनुक गप्प होते. पुस्तकाची पाने एकमेकांना चिकटली तर मजकूर असूनही वाचता येत नाही, तसे जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसले की पेशीला ते वाचता येत नाही. त्याच वेळी उरलेल्या डीएनएवरचे मिथाइल कमी होत असते. फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी ही घट कर्करोगात १९८३ मध्ये दाखवली, आणि दोनच वर्षांत ती सौम्य अॅडेनोमांतही आढळली. म्हणजे हे बदल कर्करोगाच्या आधीच सुरू झालेले असतात. वयाबरोबर निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही काही जनुकांवर मिथाइल चढत जाते.

दातेरी, म्हणजे सेरेटेड, पॉलिपांत ही वाट ठळक दिसते. ते बहुधा उजव्या बाजूला, चपटे, वर श्लेष्माचा थर घेऊन बसतात. आतडे नीट साफ नसेल तर दुर्बिणीतून सहज सुटतात. ग्रंथींचा तळ आडवा पसरून उलट्या टीसारखा दिसतो. सुरुवात बीआरएएफ या जनुकाच्या उत्परिवर्तनाने होते, पण त्याने चेतवलेली पेशी काही काळाने स्वतःच थांबते. हा अटकाव करणारे पी१६ जनुक मिथाइलने झाकले गेले की वाढ पुन्हा सुरू होते. नंतर एमएलएच१ हे दुरुस्तीचे जनुक झाकले गेले तर डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. उत्परिवर्तने झपाट्याने साचतात आणि पुढचा प्रवास कमी वेळात उरकतो.

म्हणून तपासणीच्या अहवालात आकार, प्रकार आणि डिस्प्लेसियाची, म्हणजे पेशींतल्या कर्करोगपूर्व बिघाडाची, पातळी ही तिन्ही लिहिलेली हवीत. पुढची दुर्बीण कधी करायची ते त्यांवर ठरते.

या दोन इतिहासांतला फरक कुटुंबाच्या दृष्टीने आणखी मोठा आहे. समजा, वैजापूरच्या एखाद्या रुग्णाच्या गाठीत एमएलएच१चे प्रथिन दिसत नाही. ते जनुक मिथाइलने बंद झाले असेल आणि बीआरएएफ बदललेले असेल, तर दोष बहुतेक वेळा त्या गाठीपुरताच असतो. तो मुलांकडे जात नाही. तसे नसेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे कर्करोगाकडे झुकवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, संशय घ्यायचा, रुग्णाच्या रक्तातून जनुक तपासायचे. दोष सापडला तर प्रत्येक भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात तो निघेल त्यांची दुर्बिणीची तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करायची. ज्यांच्यात नाही, त्यांना या तपासण्यांतून मोकळे करायचे.