वसईतील नाताळ

वसई (जि. पालघर) येथील ख्रिस्ती समाजाचा प्रमुख सण. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. सत्ता बदलली, तरी पोर्तुगीज काळात रुजलेली गावोगावची ख्रिस्ती उपासना टिकली. नागासाकी येथे १५९७ मध्ये हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद लाभलेले गोन्सालो गार्सिया वसईचेच. २४ डिसेंबरच्या रात्रीची मिस्सा हा नाताळचा गाभा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी मराठीतून उपासना होऊ लागली; सणाच्या इतिहासातला हा बदल रोषणाईपेक्षा कितीतरी मोलाचा. अंगणात गव्हाणीचे देखावे, दारावर कागदी चांदण्या, घरात करंज्या, आणि सामवेदी या स्थानिक बोलीतली नाताळगीते. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.