कापिशायन, हारहूरक आणि राजूरचा मोह

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर आहे. तिथली ओळख दोन धुळींची: कोळशाच्या खाणीची काळी आणि चुनाभट्ट्यांची पांढरी. आम्ही तिथे गेलो ते मात्र एप्रिलमधल्या पहाटे मोहाची फुलं पाहायला.

आम्ही म्हणजे दोघं-तिघं संशोधक मित्र. पोटासाठी रसायनशास्त्र आणि हौस म्हणून वाइन. शिक्षकांच्या मासिकात हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो. पण या हौसेत पिण्यापेक्षा वास घेणं आणि वहीत लिहिणं जास्त असतं. आमच्या वहीत प्रत्येक बाटलीची नोंद आहे: द्राक्षाची जात, गाव, साल, वास, चव. नाशिकच्या एका शेनिन ब्लांकपुढे ‘पिकलेला पेरू’ असं लिहिलेलं आहे, आणि ती वाइन आम्हाला आजही आठवते.

गावाबाहेर एका निष्पर्ण मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. दोन बायका टोपल्यांत फुलं वेचत होत्या. आम्ही फूल नाकाशी धरून डोळे मिटून उभे राहिलो, तशी त्यातली एक म्हणाली, “वास काय घेऊन राह्यले भाऊ, खाऊन पाहा ना!” खाल्लं. रसाळ, मधासारखं गोड. पण त्याआधीच आमच्यातला एक जण ओरडला होता, “अरे, हा तर आंबेमोहर!”

तो चुकला नव्हता. आंबेमोहर आणि बासमती तांदळाला सुगंध देणारा मुख्य पदार्थ म्हणजे २-अॅसिटिल-१-पायरोलीन. तोच मोहाच्या ताज्या फुलातही सापडला आहे. कोलकात्याचे शास्त्रज्ञ आर. एल. ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणखी एका ठिकाणी शोधला: वाघ आपल्या हद्दीच्या खुणेसाठी झाडांवर जो द्राव फवारतो, त्यात! याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात वाघ आहेत आणि मोहही. मुलांना ही गंमत जरूर सांगा.

आता आमच्या वहीतलं एक लाजिरवाणं पान. एकदा एका मित्राने आणलेल्या बाटलीपुढे आम्ही लिहिलं होतं, ‘उंदराचा वास. ओतून टाकली.’ वाइनमधला हा दोष जुना आणि कुप्रसिद्ध आहे. काही जिवाणू आणि एक प्रकारचं यीस्ट तो निर्माण करतात, आणि त्याला जबाबदार असणाऱ्या मोजक्या पदार्थांत हेच पायरोलीन आहे. पेल्याला नाक लावलं तर हा वास येत नाही, कारण वाइनच्या आम्लात हा रेणू प्रोटॉन घेऊन बसतो आणि हवेत उडत नाही. घोट गिळल्यावर लाळेमुळे तोंडातलं आम्ल कमी होतं, रेणू मोकळा होतो आणि मग वास जाणवतो. भातात जो सुगंध, तोच वाइनमध्ये दोष. मग मोहाच्या बाबतीत काय म्हणायचं? हे नुसतं रसायनशास्त्राने ठरत नाही. त्यासाठी इतिहासात जावं लागतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक प्रकरण आहे. त्यात मद्याचे प्रकार आणि कृती दिल्या आहेत. द्राक्षाच्या रसापासून केलेलं ते ‘मधु’. आणि त्याची दोन नावं त्याच्या प्रदेशांवरून पडलेली, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला बेग्रामचा परिसर. आज फ्रान्समधले लोक बोर्दो किंवा शॅम्पेन म्हणतात, त्यातलीच ही रीत. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला तोही याच न्यायाने. गावाचं नाव लागलं की पेयाला पत येते.

चरकसंहितेचा हिशेब आणखी मोकळा आहे. तिथे चौऱ्यांशी आसव मोजले आहेत: धान्यांचे ६, फळांचे २६, मुळांचे ११, झाडांच्या गाभ्याचे २०, फुलांचे १०, कांड्यांचे ४, पानांचे २, सालींचे ४ आणि साखरेचा १. (बेरीज करून पाहा, जुळते.) द्राक्ष फळांच्या यादीत आहे आणि मोह फुलांच्या. त्याच यादीत धायटीही आहे; आजही आसव-अरिष्ट करताना धायटीची फुलं घालतात, कारण त्यांच्यावर यीस्ट असतं. चरकाने मोहाला द्राक्षापेक्षा खालचं ठरवलेलं नाही.

साखरेचं मद्य कसं होतं, याचं समीकरण गे-ल्यूसॅकने १८१५ मध्ये मांडलं. ते काम जिवंत यीस्टचं आहे, हे पाश्चरने १८५७ नंतरच्या प्रयोगांतून दाखवलं. १८६६ मध्ये त्याने वाइनवर पूर्ण ग्रंथच लिहिला. यीस्टला साखर द्राक्षाची की मोहाची याने फरक पडत नाही. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. वर्गात गुळाच्या पाण्यात यीस्ट घालून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होते. राजूरच्या मुलांना चुना शोधायला लांब जायला नको!

फरक पडला तो कायद्याने. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. मग १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावरच बंधन आलं. सरकारी भट्टीच्या दारूवरचा महसूल वाचवायचा, तर घरच्या भट्टीचा कच्चा माल अडवायला हवा, हा त्यातला व्यवहार. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. पण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलं आली आणि १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर तो कायदा पुढे इकडेही लागू झाला. टोपलीभर फुलं घरात असणं संशयास्पद ठरलं. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे आम्ही नाकारत नाही. पण ही फुलं भाजून, भाकरीत घालून, टंचाईच्या दिवसांत पोट भरण्यासाठीही खाल्ली जातात. कायद्याला त्यात फक्त भट्टी दिसली.

महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचं मद्य म्हणून विकण्याचं धोरण जाहीर केलं. गोव्यात २०१८ पासून मोहाचं मद्य रीतसर बाटलीत मिळू लागलं होतं. इकडे घरची भट्टी अजूनही गुन्हाच आहे, आणि चोरट्या भट्टीतल्या भेसळीने माणसं मरतात, म्हणून ती चाखायचं धाडस आम्ही केलं नाही.

वहीत राजूरचं पान मात्र आहे. जात: मोह. गाव: राजूर. वास: आंबेमोहर, थोडं ओलं लाकूड. चव: फूल, कच्चं. त्याखालची मद्याची ओळ आम्ही कोरी सोडली आहे.