मॅजिक : द गॅदरिंग – कॅट स्वतःचा, डाव स्वतःचा

नेहमीच्या पत्त्यांत ५२ पानांचा एकच कॅट सर्वांना वाटला जातो. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी घडविलेल्या व १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतः रचलेला कॅट घेऊन येतो. ‘कन्स्ट्रक्टेड’ स्पर्धांत कॅटमध्ये किमान ६० पत्ते लागतात. मूलभूत ‘लँड’ वगळता एका नावाचे चारहून अधिक चालत नाहीत. जाणकार साठावरच थांबतात, कारण पत्ते वाढले की हवा तो पत्ता हाती येण्याची शक्यता घटते. पहिल्या डावानंतर १५ राखीव पत्त्यांतून अदलाबदल करता येते. मोठ्या स्पर्धांत मात्र ही सारी यादी आधीच सादर करावी लागते. म्हणूनच प्रतिस्पर्धी काय आणतील, याचा अंदाज चुकला, तर उत्तम खेळही अनेकदा अपुरा पडतो.