राजाछाप रुपया : दुर्मिळता आणि लोकव्यवहार

इंग्रजी अमदानीतील चांदीच्या नाण्यांसंबंधी बोलताना ‘जुने’ आणि ‘दुर्मिळ’ हे शब्द समानार्थी समजले जातात. नाणकशास्त्रास हे मान्य होण्यासारखे नाही. १८६२ सालचे राणीछाप रुपये आजही विपुल आढळतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया क्वचितच दृष्टीस पडतो. दुर्मिळतेचे कारण नाण्याच्या वयात नसून त्याच्या चरित्रात शोधावे लागते.

१९११ चा रुपया या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यावरील पाचव्या जॉर्जच्या वस्त्रावर हत्ती कोरलेला होता. पण त्याची सोंड आखूड असल्याने तो डुकरासारखा भासे. मुसलमान प्रजेकडून यास हरकत निघाली आणि नाणी परत घेण्यात आली. पाडलेल्या सुमारे ९४ लक्ष रुपयांपैकी जेमतेम ७ लक्ष बाहेर पडले होते. उरलेले वितळविले गेले. १९१२ मध्ये सुधारलेला ठसा आला. संग्राहकांच्या बोलीत १९११ चे नाणे ‘पिग रुपी’ म्हणून ओळखले जाते.

पुढील घट व्यापाराने घडविली. रुपयाचे वजन १८० ग्रेन व त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. चांदीचा लंडनमधील भाव औंसास सुमारे ४३ पेन्सांच्या वर गेला की नाण्यापेक्षा त्यातील धातू महाग ठरे. १९१७ मध्ये नेमके हेच झाले. सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली व १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदी विकत घेतली. त्या एका सालाचे रुपये ४० कोटींवर गेले. १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, आणि १९४१ ते १९४३ या काळात जुन्या कसाचे रुपये क्रमाने चलनातून बाद झाले. त्यानंतर त्यांना देव्हारा किंवा सोनाराची मूस, एवढेच दोन आश्रय उरले.

या व्यवहाराची भाषेत उमटलेली खूण लक्षणीय आहे. बंदा रुपया, अधेली, पावली, चवली ही नावे मूल्य सांगतात. राणीछाप व राजाछाप ही मुद्रा सांगतात. सालाला मात्र बोलीने नाव दिले नाही, कारण बाजारात त्याची गरज नव्हती. उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड आणि मुकुटधारी पाचवा जॉर्ज हे दोघेही ‘राजा’च. परिणामी कोल्हापुरातील मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत लक्ष्मीपूजनाच्या तबकात पिढ्यान्‌पिढ्या मांडला जाणारा रुपया १९११ चा आहे की १९१८ चा, हे घरच्यांस सहसा ठाऊक नसते. तो चिंचेने घासून लख्ख केला जातो आणि अक्षरे झिजतात. अडचणीच्या वेळी गुजरीत वजनावर विकला जातो. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेली हुपरीही दूर नाही. तराजूला साल वाचता येत नाही.

म्हणून अशा नाण्यांची नोंद करणे हे केवळ हौशी संग्राहकांचे काम मानू नये. साल, टाकसाळीची खूण (पाचव्या जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळाखाली उठावाचा ठिपका असल्यास तो मुंबईचा, नसल्यास कलकत्त्याचा), झीज, आणि घरात त्या नाण्यास कोणते नाव व कोणता उपयोग होता, एवढे विद्यार्थ्यांनी टिपून घेतले तरी पुष्कळ होईल. नाणे वितळले तर त्याची चांदी टिकते. त्याचा इतिहास मात्र नोंदीवाचून टिकत नाही.